नवा लॅपटॉप घेण्याआधी बिजागरी उघडून बघा

पत्र :

नमस्कार सर. आमचं गाव बेळगाव-खानापूर रस्त्याला आहे. थोरल्या मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी २०१४ साली घेतलेला लॅपटॉप आता धाकटी लेक वापरते. ती बेळगावात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि संध्याकाळी बँकेच्या परीक्षेचा ऑनलाइन क्लास करते. घरात ५० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे. राऊटर सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, टीव्हीजवळ आहे, लेक बसते परड्याकडच्या खोलीत. मोबाईलवर सोप्यात ४७-४८ स्पीड येतो, मागच्या खोलीत १८-२०. लॅपटॉपवर मागे जेमतेम ३-४, कधी एक. सोप्यात राऊटरजवळ आणून ठेवला तरी ८-९ च्या वर जात नाही. क्लास अडकतो, आवाज तुटतो. कनेक्शनवाला येऊन मोबाईलवर बघून "आमच्याकडून सगळं बरोबर आहे" म्हणून गेला. एका दुकानदाराने लॅपटॉप जुना झाला, नवा घ्या असं सांगितलं. चाळीस हजारांपर्यंत जातील म्हणे. यंदा घराच्या कौलांचं काम काढलंय, एवढे पैसे एकदम निघणार नाहीत. शिवाय मी घरी नुडी आणि श्रीलिपी या टायपिंगच्या सॉफ्टवेअरवर थोडं काम करते, तेही याच लॅपटॉपवर. बाकी काही त्रास नाही. मागच्या दिवाळीत पडून बिजागरी तुटली होती, ती लगेच बदलून घेतली. काय करावं ते सांगा.
– एक आई

उत्तर :

ताई, पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. बिजागरीची. तिथूनच सुरुवात करतो, कारण माझ्या अंदाजाने तुमचे चाळीस हजार त्या ओळीमुळे वाचणार आहेत.

लॅपटॉपचं वायफाय कार्ड खाली असतं, कीबोर्डच्या पोटात. अँटेना मात्र बहुतेक लॅपटॉपमध्ये वर, स्क्रीनच्या चौकटीत आतून चिकटवलेला असतो, कारण झाकण उघडलं की तो भाग उंच उभा राहतो आणि लहरी नीट पकडतो. कार्डापासून अँटेनापर्यंत शेवईसारख्या बारीक वायरी जातात. बऱ्याचदा दोन, एक काळी आणि एक पांढरी किंवा करडी. काही मॉडेलांत एकच. खालून वर जायला त्यांना वाट एकच, बिजागरीशेजारून. म्हणजे ज्याने तुमची बिजागरी बदलली, त्याने या वायरी हलवल्या असणारच. कधी त्या काढून परत घालाव्या लागतात. घालताना एखादी नव्या बिजागरीखाली चेपते. कधी तिच्या टोकाची मोहरीएवढी टिकली कार्डावर नीट बसत नाही आणि मागचं झाकण लावताना निसटते. काम करणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, कारण लॅपटॉप सुरू होतो, स्क्रीन दिसते, आणि वायफायसुद्धा लागतं.

हे शेवटचंच माणसाला फसवतं. अँटेनाची वायर सुटली की वायफाय बंद पडेल असं आपल्याला वाटतं. तसं होत नाही. राऊटर जवळ असला की कार्ड अँटेनाशिवायही थोडंफार ऐकतं. लांब गेलं की ऐकू येईनासं होतं. तुमचे आकडे हेच सांगतात. सोप्यात मोबाईलला ४८ आणि त्याच जागी लॅपटॉपला ८-९. मध्ये भिंत नाही, कपाट नाही, काही नाही. म्हणजे पहिला संशय ना भिंतीवर, ना कनेक्शनवर. कनेक्शनवाल्याने तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही. त्याच्या हद्दीपर्यंत सगळं बरोबरच आहे.

आणखी एक गोष्ट. साध्या ऑनलाइन क्लासला दोन-तीन एमबीपीएस पुरतात. लेकीला ३-४ मिळत असूनही आवाज तुटतो, याचा अर्थ तो वेग टिकत नाही. सिग्नल अशक्त असला की माहितीचे तुकडे वाटेत हरवतात, ते पुन्हा मागवावे लागतात, आणि तेवढ्यात शिक्षकांचं वाक्य निघून जातं. तिला चार आहेत ते पंचवीस करून देण्यापेक्षा ते चार न तुटता मिळणं जास्त गरजेचं आहे.

बिजागरीवर माझा दाट संशय असला तरी मी इथून तुमचा लॅपटॉप उघडून बघू शकत नाही. तेव्हा दुकानात जाण्याआधी घरीच थोडं तपासून घ्या. पैसा लागत नाही, अर्धा तास लागतो.

पण त्याच्याही आधी, आजच्या क्लासची सोय. अँड्रॉइड मोबाईल घरच्या वायफायला जोडलेला राहू द्या. चार्जिंगच्या वायरने तो लॅपटॉपला जोडा. वायर चांगली हवी. काही वायरींतून नुसतं चार्जिंग होतं, माहिती जात नाही. मग मोबाईलच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग असं असतं, तिथे यूएसबी टेदरिंग चालू करा आणि लॅपटॉपचं वायफाय बंद करा. आता वायफाय पकडायचं काम मोबाईल करेल आणि वायरीतून लॅपटॉपला देईल. मोबाईल वायफायवर आहे तोवर सिमचा डेटा खर्च होत नाही, फक्त मध्येच वायफाय सुटलं तर फोन डेटावर जाईल, म्हणून मोबाईल डेटा बंद करून ठेवा. मागच्या खोलीत मोबाईलला १८-२० मिळतात असं तुम्हीच लिहिलंय. क्लासला ते भरपूर झाले. लेकीची परीक्षा तोंडावर असेल तर दुरुस्तीची घाई न करता महिनाभर असंच चालवलं तरी हरकत नाही.

आता तपासणी. २०१४ च्या लॅपटॉपला बाजूला चौकोनी लॅनचं, म्हणजे वायरीने नेट घ्यायचं, भोक असण्याची शक्यता बरीच आहे. लॅन केबल मिळवा. राऊटरच्या खोक्यात बऱ्याचदा एक छोटी केबल असते. सोप्यात बसून लॅपटॉप केबलने थेट राऊटरला जोडा, वायफाय बंद करा आणि स्पीड मोजा. बाकी सगळं करून झालं नाही तरी एवढं एक मात्र करा. केबलवर ४५ च्या पुढे आकडा आला तर लॅपटॉपचा जुनेपणा, विंडोज, व्हायरस या सगळ्यांवरचा संशय एका झटक्यात उतरतो आणि दोष फक्त वायफायच्या वाटेत उरतो. केबलवरही ८-९ च आले तर माझा बिजागरीचा अंदाज चुकला आणि दुखणं लॅपटॉपच्या आत आहे. त्याचं पुढे लिहितो.

मोजताना एक गोंधळ टाळा. तुमचे ५० म्हणजे ५० मेगाबिट. फाइल उतरवताना कॉम्प्युटर बऱ्याचदा मेगाबाइट दाखवतो, आणि आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे फाइल सेकंदाला सहा मेगाबाइटने उतरत असेल तर तुमचे पन्नास पूर्ण मिळाले. कितीतरी लोक हा सहाचा आकडा बघून कनेक्शनवाल्याशी भांडतात.

केबल काढा, वायफाय चालू करा आणि राऊटरपासून पाच-सहा फुटांवर लॅपटॉप ठेवून कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह बघा. एवढ्या जवळ सगळ्या रेघा भरलेल्याच दिसायला हव्यात. एक-दोन दिसत असतील तर अँटेना गेला असं जवळजवळ धरून चाला. मग झाकण हळूहळू पुढे-मागे करून बघा. कोन बदलला की रेघा कमी-जास्त होत असतील तर वायर बिजागरीतच चेपली आहे, आणखी पुरावा नको.

अजून एक आकडा कागदावर लिहून घ्या. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये 'चेंज अडॅप्टर ऑप्शन्स' असतं. तिथे वायफायवर दोनदा क्लिक केलं की एक छोटी खिडकी उघडते आणि तिच्यात 'स्पीड' अशी ओळ दिसते. हा इंटरनेटचा वेग नव्हे. लॅपटॉप आणि राऊटर एकमेकांशी किती वेगाने बोलतायत त्याचा हा आकडा, आणि प्रत्यक्षात याच्या साधारण निम्मं हाती लागतं. तुमच्या लॅपटॉपच्या काळातल्या साध्या कार्डाला राऊटरजवळ ६५ किंवा ७२ दिसायला हवेत, दोन अँटेनांचं कार्ड असेल तर १३०, १४४ किंवा ३०० सुद्धा. तिथे १३, ११ किंवा ५.५ असलं काही दिसलं तर सिग्नल नाही.

आणि नेमका ५४ दिसला तर? मग थांबा, दुकानात जाऊ नका. ५४ हा २००३ सालच्या 'जी' पद्धतीच्या वायफायचा कमाल वेग आहे. त्यानंतर २००९ मध्ये 'एन' आलं. त्याच्या नियमातच आहे की राऊटरवर डब्ल्यूईपी किंवा टीकेआयपी ही जुनी सुरक्षा असेल तर नवा वेग द्यायचा नाही, ५४ वरच थांबायचं. राऊटरच्या सेटिंगमध्ये सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि एईएस करून घेतली की हे सुटतं. कनेक्शनवाल्याला फोनवर सांगितलं तरी तो करून देईल. पासवर्ड त्याच वेळी बदलून घ्या.

समजा सगळ्या खुणा अँटेनाकडेच गेल्या. मग ज्याने बिजागरी बदलली त्याच्याकडेच आधी जा. भांडायला नाही. त्याने तो लॅपटॉप एकदा उघडलेला आहे, कुठले स्क्रू कुठे ते त्याला माहीत आहे, आणि हे त्याच्याच कामातलं राहून गेलेलं असेल तर बहुधा तो पैसेही घेणार नाही. "लॅपटॉप स्लो आहे" असं मोघम सांगू नका. तसं सांगितलं की विंडोज परत टाकतात, फाइली जातात आणि वायर सुटलेली ती सुटलेलीच राहते. "बिजागरी बदलल्यापासून वायफायचा सिग्नल कमी आहे, अँटेनाची वायर कार्डावर बसली आहे का आणि बिजागरीत चेपली आहे का तेवढं बघा" असं सांगा. दुकानात काम करणारा पोरगा कन्नड बोलणारा असला तर "वायफायदु अँटेना वायर स्वल्प चेक माड्री" एवढं पुरे. आपल्याकडे दोन्ही भाषांत 'वायर' आणि 'चेक' तेच आहेत, अडत नाही. वायर नुसती निसटली असेल तर दाबून बसवायला मिनिटही लागत नाही. वेळ जातो तो उघडण्या-बंद करण्यात. चेपून तुटली असेल तर अँटेना वायरीसकट बदलावा लागतो. त्याची किंमत नव्या लॅपटॉपच्या पासंगालाही पुरणार नाही.

हे एवढं ठामपणे सांगतो त्यामागे कारण आहे. मी स्वतः दुरुस्तीचं काम करायचो तेव्हा एका शिक्षकांचा लॅपटॉप माझ्याकडे आला. हेच दुखणं. मी कार्ड जुनं झालं असं सांगून त्यांना नवीन घ्यायला लावलं. नवीन कार्डानेही फरक पडला नाही म्हणून पुन्हा उघडला, तेव्हा करडी वायर बिजागरीच्या पत्र्याखाली चपटी झालेली दिसली. त्यांच्या मुलाचा त्या आठवड्यात ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. कार्डाचे पैसे मी परत केले, पण तो आठवडा परत देता आला नाही. तेव्हापासून वायफायची तक्रार आली की माझा पहिला प्रश्न, मध्ये कधी मागचं झाकण किंवा बिजागरी उघडली होती का, हाच असतो.

आता वायर जागेवर सापडली, अँटेना ठीक निघाला, असंही होऊ शकतं. मग दोष कार्डात असेल. आतलं कार्ड बदलता येतं, पण काही कंपन्यांचे जुने लॅपटॉप ठरावीक कार्डांशिवाय दुसरं स्वीकारतच नाहीत, सुरू होतानाच अडून बसतात. त्या फंदात पडू नका. बाहेरून यूएसबीला लावायचं वायफायचं डोंगल घ्या. घेताना खोक्यावर 'ड्युअल बँड' किंवा '५ गिगाहर्ट्झ' लिहिलेलं आहे ना ते वाचून घ्या. दोन-तीनशे रुपयांना मिळणारी नखाएवढी डोंगलं फक्त २.४ गिगाहर्ट्झची असतात, ती शक्यतो टाळा. हजाराच्या आसपास चांगलं मिळतं. डोंगलाच्या शेजारी निळ्या जिभेचं (यूएसबी ३ चं) भोक असेल तर त्यात पेन ड्राइव्ह किंवा हार्ड डिस्क लावू नका; यूएसबी ३ च्या कामातून निघणारा गोंगाट २.४ च्या वायफायला त्रास देतो.

ही २.४ आणि ५ ची भानगड काय, ते थोडक्यात. मोबाईल नवा असल्याने तो बहुधा ५ गिगाहर्ट्झवर चालतो. ती वाट रुंद आणि मोकळी, पण भिंतीला लवकर दमते. तुमच्या २०१४ च्या लॅपटॉपला बहुतेक फक्त २.४ कळतं. ती भिंतीतून जरा जास्त जाते, पण तिच्यावर ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह, शेजाऱ्यांचे राऊटर असे सगळेच. आपल्याकडे त्यात १३ चॅनेल आहेत, पण एकमेकांच्या अंगावर न येणारे तीनच : १, ६ आणि ११. बेळगावात शहापूर-वडगावातल्या चिकटून असलेल्या घरांत हा प्रश्न मोठा असतो, खेड्यात एवढा नाही. तरी राऊटर भलत्याच चॅनेलवर असेल तर या तिघांपैकी एकावर आणून घ्या. म्हणूनच मोबाईलशी लॅपटॉपची सरळ तुलना करू नका. अँटेना दुरुस्त झाल्यावर सोप्यात लॅपटॉपला ३०-३५ आले तरी त्या कार्डाने आपलं काम चोख केलं असं समजा. ४८ ची वाट बघू नका.

भिंतीचं बोलायलाच हवं, कारण मोबाईलसुद्धा ४८ वरून २० वर येतोय. तुम्ही लिहिलं नाही, पण कौलारू घर आणि सोपा म्हटल्यावर भिंती जांभ्याच्या किंवा मातीच्या, हात-दीड हात जाड असणार. जांभा दगड भोकाभोकांचा, पाणी धरतो. खानापूरकडचा पाऊस तर तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल असते. आणि पाणी वायफायच्या लहरी शोषून घेतं. पावसाळ्यात नेट आणखी मंद होतं असा अनुभव असेल तर तो भास नाही. त्यातून राऊटर टीव्हीच्या मागे आणि माजघरात वाटेवर लोखंडी कपाट असेल तर लहरींना जायला जागाच राहत नाही. आरशाचं कपाटही तसंच.

यंदा कौलांचं काम काढलंच आहे म्हणता, तर हीच वेळ साधा. गडी वर चढतील तेव्हा आढ्याच्या कडेने सोप्यातून परड्याकडच्या खोलीपर्यंत एक लॅन केबल ओढून घ्या. कॅट ५ई किंवा कॅट ६ मागा. शंभर मीटरपर्यंत ती वेग न गमावता जाते, तुमच्या घराला वीस मीटर पुष्कळ झाली. विजेच्या वायरीला चिकटवून नेऊ नका, थोडं अंतर ठेवा, आणि उंदरांचा त्रास असेल तर पाइपातून घाला. फायबरची जी बारीक वायर राऊटरला येते तिला मात्र गड्यांना हात लावू देऊ नका. आत काचेचा तंतू असतो, कोपऱ्यात मोडून दाबली की संपली. मागे आलेली केबल थेट लॅपटॉपला लावली की वायफायचा प्रश्नच मिटला. मोबाईललाही मागे नेट हवं असेल तर एखादा जुना राऊटर त्या टोकाला 'ॲक्सेस पॉइंट' (केबलवरचं नेट वायफायने देणारा) म्हणून लावता येतो. बाजारात भिंतीच्या प्लगात लावायचे एक्स्टेंडर मिळतात. ते वायफायच पकडून वायफायच पुढे देतात, त्यामुळे साध्या एक्स्टेंडरमध्ये वेग निम्म्यावर येतो. वर केबल टाकायची सोय हाताशी असताना ते घेऊ नका.

एवढं जमेपर्यंत राऊटर टीव्हीजवळून काढून माजघराच्या दाराच्या वर, उघड्यावर, माणसाच्या डोक्याहून उंच लावून घ्या.

आता दुसरी शक्यता, केबलवरही वेग येत नाही. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात 'डिस्क' खाली सतत ९०-१०० टक्के दिसत असतील तर दुखणं इंटरनेटचं नाही, आतल्या फिरत्या हार्ड डिस्कचं आहे. माणसाला मात्र नेटच मंद वाटतं. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) आणि रॅम चार जीबी असेल तर आठ, एवढ्यावर लॅपटॉप आणखी काही वर्षं चालतो. 'नेटवर्क' खाली एखादं नाव सारखं वर दिसत असेल तर ते मागच्या मागे काहीतरी उतरवतंय. क्लासच्या वेळेपुरतं थांबवा. यूट्यूबचे व्हिडिओ अडखळत असतील तर ते ४८० वर लावा. आजचे व्हिडिओ ज्या पद्धतीने दाबून पाठवतात ते उलगडणं २०१४ च्या प्रोसेसरला जड जातं. त्यात नेटचा दोष नाही. आणि चार्जर लावलेला नसताना वायफाय मंदावतं असं दिसलं तर पॉवर ऑप्शन्समध्ये 'वायरलेस अडॅप्टर'ला 'मॅक्झिमम परफॉर्मन्स' द्या. वेग वाढवून देतो म्हणणारी सॉफ्टवेअरं मात्र एकही टाकू नका.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगायला हवी. एवढ्या काळात लॅपटॉपवर बहुतेक विंडोज १० असेल. मायक्रोसॉफ्टने त्याचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, आणि विंडोज ११ तुमच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरला मान्य करत नाही. कुणी विंडोजऐवजी लिनक्स टाकून घ्या म्हणेल. नुसत्या क्लाससाठी ते उत्तम आहे, फुकट आहे, जुन्या मशीनवर हलकं चालतं. पण नुडी आणि श्रीलिपी विंडोजवरची आहेत. तुमचं टायपिंगचं काम त्यावर आहे तोवर विंडोज काढू नका. त्या लॅपटॉपवरून बँकेचे व्यवहार करू नका, ते मोबाईलवर करा, आणि टायपिंगच्या फाइलींची एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवत जा. दुकानात देण्याआधी तर नक्कीच.

दुकानात जाताना चार्जर बरोबर न्या आणि घरी लिहून घेतलेला तो 'स्पीड'चा आकडाही न्या. वायर बसवून झाली की मागचं झाकण स्क्रू लावून पूर्ण बंद करायला सांगा, मग तिथल्याच वायफायवर रेघा आणि आकडा बघा. उघडा असताना बरोबर आणि बंद केल्यावर पुन्हा कमी, असं झालं तर वायर झाकणाखाली चेपते आहे. तिथल्या तिथे परत उघडून घ्या. स्क्रीन दोन-तीनदा मिटवून-उघडून पुन्हा बघा, आणि मगच पैसे द्या.